गळलेली ओळ

माझी मावशी एकतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासत होती. तिथे तिला सगळे भिंग म्हणायचे, कारण तिच्या नजरेतून साधा अनुस्वारही सुटत नसे. डाव्या हाताचं बोट मूळ प्रतीवर, उजव्या हातातली पेन्सिल प्रुफावर, आणि दोन्ही ओळी एकदम वाचायच्या, अशी तिची पद्धत. छापखाना बंद पडल्यावर ती तीन आठवडे घरी बसली. तेवढ्यात तिने डब्यांवरच्या चिठ्ठ्या, काकांच्या औषधांचा तक्ता आणि लिफ्टमधली सूचना दुरुस्त करून टाकली. काका मला म्हणाले, "हिला कुठेतरी चिकटव, नाहीतर आता माझी पाळी आहे."

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचे प्रोग्रॅमर कोडच्या प्रत्येक तुकड्यावर एक टीप लिहितात: हा तुकडा काय करतो, कसा वापरायचा. एक तयार साधन त्या टिपा गोळा करून आपोआप वेबपानं बनवतं आणि ती ग्राहकांसाठी आमच्या साइटवर चढतात. आमच्यापैकी कुणी ती वाचत नसे. ग्राहक वाचायचे आणि तक्रारी यायच्या. म्हणून वाचणारं माणूस हवं होतं.

मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं, "मूळ प्रत कुठाय?" तिला दोन स्क्रीन दिले. डावीकडे कोड, उजवीकडे पान. दोन महिने ती वेलांट्या आणि उकार सुधारत बसली आणि खूश होती.

एका मंगळवारी सकाळी तिने एक पान उघडलं, तर मधोमध एक चौकट आली: नमस्कार. मावशीने मोठ्याने "नमस्कार" म्हटलं आणि चौकट बंद केली. पान पुन्हा उघडलं, पुन्हा नमस्कार. तिने पुन्हा उत्तर दिलं. शेजारची मुलगी माझ्याकडे काळजीने बघायला लागली. मग मावशीचं बोट डाव्या स्क्रीनवर थांबलं.

"अरे, इथली एक ओळ गळलीय," ती म्हणाली.

आमच्यातला सगळ्यात अनुभवी प्रोग्रॅमर, ज्याला आम्ही दाढी म्हणतो, चहाचा कप घेऊन आला. टीप त्याचीच होती. स्क्रीनवर निरोप कसा दाखवायचा याचं उदाहरण म्हणून त्याने टोकदार कंसांत एक छोटी आज्ञा लिहिली होती. कोडमध्ये ती ओळ होती. पानावर 'उदाहरणार्थ' नंतर कोरी जागा.

"गळली नाही मावशी," दाढी म्हणाला. "टोकदार कंस दिसले की ब्राउझरला वाटतं हा हुकूम आहे. त्याने तो पाळला. म्हणून तर तुम्हाला नमस्कार आला."

"म्हणजे वाचायला दिलेलं ते करून मोकळं झालं?"

"तसंच काहीसं."

"मग उद्या तू 'उदाहरणार्थ, घर पेटव' असं लिहिलंस तर?"

दाढीचा कप ओठांपाशीच थांबला. तो हळूच म्हणाला, "बाहेरचे लोकही आपल्याला कोड पाठवतात. त्यांच्या टिपा आपण कुठे वाचतो?"

"मी वाचते की. पण छापून झाल्यावर."

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की दंगा, मला अजून ठरवता येत नाही. दाढीने साइटची एक चाचणीची नक्कल उघडली. पानाने काय करायचं ते मावशी सांगायची, तो तशी टीप टंकायचा. एका टिपेने पान गुलाबी झालं. एकीने सगळे मथळे उलटे टांगले. मावशीने शोधाच्या चौकटीत तसलीच ओळ लिहून बघितली, तर तिथेही पानाने ती मुकाट्याने पाळली. आजूबाजूच्या खुर्च्या सरकत आल्या. मावशी इतकी हसत होती की चष्मा काढून पदराने डोळे पुसायला लागली. "एकतीस वर्षांत कागद कधी माझं ऐकून उठला नव्हता गं," ती मला म्हणाली.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. दाढीने नकलेतल्या एका पानात आणखी एक टीप पेरली आणि त्यांना तिथे लॉगिन करून ते पान उघडायला सांगितलं. त्यांनी उघडलं. पान साधंच दिसत होतं. त्याच क्षणी मावशीच्या स्क्रीनवर साहेबांच्या लॉगिनची खूण येऊन पडली, अक्षरन् अक्षर.

"ही माझी?" साहेबांनी विचारलं.

"हो," दाढी म्हणाला. "ही हातात असली की पासवर्ड न टाकताही मी म्हणजे तुम्ही."

साहेब खाली बसले. नकलेची गोष्ट खऱ्या साइटवर व्हायला एक टीप पुरेशी होती. दहा मिनिटांत सगळी पानं साइटवरून उतरली.

ते साधन आमचं नव्हतं. ते बनवणारी माणसं दूर कुठेतरी होती. त्यांना कळवायचं काम मावशीनेच मागून घेतलं. तिने प्रुफाच्या पद्धतीनेच लिहिलं: मूळ प्रतीत काय आहे, छापात काय उतरलं, दोष कुठे. तांत्रिक दोन वाक्यं दाढीने घातली. त्यातली एक तिने खोडली, कारण कर्ता नव्हता.

चार दिवसांनी उत्तर आलं. दोष खरा होता. आता ते साधन पान बनवताना आणि शोधाच्या चौकटीतही टोकदार कंसांना साधी अक्षरं करून टाकणार होतं: दिसतील, पण हुकूम देणार नाहीत. आम्ही नवी आवृत्ती बसवली, आधीच्या सगळ्या खोड्या पुन्हा करून बघितल्या आणि दाढीचं पान उघडलं. चौकट आली नाही. ओळ कंसांसकट जागेवर होती. मावशीने ती बोट ठेवून, कंस धरून वाचली आणि पुढे बरोबरची खूण केली.

साहेबांनी तिला अर्धा दिवस सुट्टी दिली, मलाही सोडलं. भर दुपारी आम्ही दोघी आइस्क्रीम खात फुटपाथवरून चाललो होतो. तिला मध्येच हसू फुटायचं, मग मलाही. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने विचारलं, "काय हो, एवढं काय झालं?"

मावशी थांबली, श्वास घेतला आणि सांगायला सुरुवात केली. चष्मेवाल्याने स्टूल पुढे सरकवलं. आमचं आइस्क्रीम हातावर ओघळत होतं.