सरसातले ग्लायसीन आणि रेशमातले

दिगंबर गुरुजींची आणि माझी ओळख निजामाच्या अमदानीतली, तुळजापूरच्या हायस्कुलातली. ते रसायनाचे शिक्षक, मी प्रयोगशाळेतला नवा मदतनीस. गुरुजी पुजाऱ्याच्या घरातले. आमचे घर जळकोटचे, धंदा कातडी कमावण्याचा. पहिल्याच दिवशी शेजारची खुर्ची ओढून ते म्हणाले, "बसा. उभ्यानं काम केलं की काचसामान फुटतं."

गुरुजी पुस्तक उर्दूतून वाचत आणि समजावत मराठीतून. त्यांचा लाडका विषय ग्लायसीन, सर्वांत साधे अमिनो आम्ल. मध्ये एक कार्बन, एका अंगाला अमिनो गट, दुसऱ्या अंगाला आम्लाचा, संपले! "एवढंसं आहे, पण कातडी अन् हाडं बांधून ठेवतं," असे सांगताना त्यांचा चेहरा खुलत असे. रक्ताच्या लाल रंगालाही तेच लागते, असे त्यांनी नुकतेच कुठल्याशा मासिकात वाचले होते. त्यानंतर आठवडाभर आम्हाला दुसरे काही ऐकायला मिळाले नाही.

ग्लायसीन काढून दाखवायला मी घरून सरस आणला. झाले! चामड्याचा सरस उकळलेल्या भांड्यांना मुले हात लावीनात, आणि भांडी हाताळणारा माणूसच काढून टाका, म्हणून पालक मुलांना घरी ठेवून अडून बसले. माझी नोकरी जाणार हे उघड होते.

गुरुजी कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी घरून स्वतःचे रेशमी सोवळे आणले, कात्रीने कापले आणि सरसासारखेच आम्लात उकळायला ठेवले. वडिलांनी त्यांच्याशी अबोला धरला. प्रयोग पुन्हा पुन्हा फसला, पण गुरुजी मोठे चिवट. शेवटी दोन बशांत पांढरे स्फटिक जमले.

पालकांना बोलावून त्यांनी बशा पुढे केल्या. "यातलं सोवळ्यातलं कुठलं, ओळखा."

पालकांचे पुढारी मलाप्पा आडते बराच वेळ निरखत राहिले. "न्हाय वळखू येत, गुरुजी. दोन्ही एकच दिसतंय."

"दिसतंय कशाला? आहेच एक."

"बरं, पोरं येतील उद्या. पर ह्येंच्या हातचं पाणी तुमी तरी प्याल का?"

गुरुजी माझ्याकडे वळले. "लई तहान लागलीय. पाणी द्या."

मी तांब्या भरून त्यांच्या हाती दिला. त्यांनी सर्वांदेखत तांब्या रिकामा केला. माझी नोकरी टिकली.

आज गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. अजूनही मी भेटायला गेलो की, घरात सूनबाई असतानाही ते पाणी माझ्याकडेच मागतात. त्यांना अशीच तहान शंभरीपर्यंत लागो, आणि तोवर तांब्या भरून द्यायला माझेही हात शाबूत राहोत.