नारळ कोणत्या मारुतीपुढं फोडायचा

वस्ताद वारले आणि महिन्याभरात आमच्या गावच्या तालमीत लोकांनी भाताचा पेंढा भरला. मला त्याचा इतका संताप आला, की चावडीवर जाऊन मी चारचौघांशी भांडलो. "मंग तू एकलाच लोळ जा मातीत," असं म्हणून सगळे हसले. हसणारांचंही खरंच होतं. गावात लंगोट लावणारा मीच तेवढा उरलो होतो, आणि एकट्यानं जोर-बैठका होतात, कुस्ती होत नाही.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागे घडली. मी विशीत होतो. अंगानं काटक, उंचीनं बेताचा, आणि वजन म्हणाल तर ओल्या कपड्यांनिशी तोललं तरच काहीतरी भरावं असं. मला एकच डाव मनापासून येत होता, एकेरी पट. समोरच्यानं पाय पुढं टाकला रे टाकला, की खाली सूर मारून त्याच्या गुडघ्याला मिठी घालायची आणि पाय उपसून त्याला पाठीवर टाकायचं. मुळशीतल्या लहानसहान जत्रांत या एका डावावर मी बऱ्याच धिप्पाड गड्यांना आसमान दाखवलं होतं. माझं नाव काढलं की लोक पट म्हणायचे, एवढी त्याची ख्याती.

आता नवी तालीम धरायची होती. चालत जाण्याच्या टप्प्यात दोनच होत्या. एक पिरंगुटच्या वाटेवर, माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी. तिथला पहिला पैलवान म्हणजे माझे दाजी. दुसरी डोंगराच्या अंगाला; तिला आम्ही वरची तालीम म्हणायचो. दोन्हींचं पिढ्यान् पिढ्या वाकडं. चैत्रातल्या जत्रेची शेवटची कुस्ती कायम या दोन तालमींत व्हायची, आणि तीन वर्षं ती दाजींनी मारली होती.

आमच्याकडं तालीम बदलायची म्हणजे कपडे बदलण्यासारखं नव्हतं. वस्ताद एकदाच करायचा. एका तालमीचे गडी एकमेकांशी जाहीर कुस्ती धरत नाहीत, पण दुसऱ्या तालमीतला समोर आला तर सख्खा भाऊ असला तरी हात मागं घ्यायचा नाही. त्यामुळं मी वरच्या तालमीत गेलो असतो, तर आज ना उद्या दाजींशी गाठ पडणार हे उघड होतं.

माझ्या वडलांनी, आबांनी, निकाल केव्हाच देऊन टाकला होता. "पाव्हण्याच्या तालमीत जा. इचारायचं काय त्यात?" माझा मात्र जीव वरच्या तालमीत अडकला होता. दाजींच्या तालमीत सगळा कारभार ताकदीचा. तिथं माझ्यासारखा गडी म्हणजे मोठ्यांनी उचलून आपटायचं पोतं. वरचे वस्ताद डाव शिकवायचे, एकेक पकड घोटून घ्यायचे, असं ऐकून होतो. आबांपुढं तोंड उघडायची छाती नव्हती, म्हणून मी आज-उद्या करत दिवस ढकलत होतो.

तेवढ्यात भाताची झोडणी उरकल्यावर थोरली बहीण, आक्का, माहेरी आली. एकदा दुपारी ती उखळाशी नवा तांदूळ सडत होती आणि मी कोंडा पाखडून देत होतो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं मुसळ थांबवलं.

"तू आमच्या तालमीत ये रं," ती म्हणाली.

"बघतो."

"बघतो न्हाई, येच. त्यांचा डावा गुडगा गेलाय. गेल्या जत्रेपास्नं. पहाटं उटून मी शेकती, मंग ते चालाय लागत्यात. वस्तादाला ठावं न्हाई, सासूबाईला ठावं न्हाई. तू त्यांच्या जोडीला आसलास म्हंजी सरावात सांभाळून जोर करशील. त्यांचं झाकून जाईल."

मी सूप खाली ठेवलं. ती पुढं म्हणाली, "मी सांगितलं आसं कळलं तर मला हितं आणून सोडत्याल. देवाची शपत घातलिया त्यांनी मला."

दाजी माणूस वाईट नव्हते, पण शब्दाचे असे कडक, की एकदा म्हणाले की ते झालंच. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेल्या दोन बायका आमच्याच आळीत होत्या. त्यांचं जगणं आक्का रोज डोळ्यांनी बघतच वाढली होती. मी तिला म्हटलं, "माज्या तोंडून चकार शब्द न्हाई निगायचा." आणि मनातून इतका चडफडलो, की सांगता सोय नाही. आता माझी तालीम ठरल्यातच जमा होती.

तरी मन मानेना. हो म्हणण्याआधी वरची तालीम एकदा डोळ्यांनी बघून यावी, एवढीच माझी हौस. शनिवारी सकाळी निघालो, तर आईनं पिशवीत नारळ टाकला. "शनवारचा मारुतीच्या दारी जातुयास, रिकाम्या हातानं जाऊ नगंस." मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरात तसाच रिवाज होता.

वरच्या तालमीत पोचलो. आत आखाडा, आणि दाराशीच कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. मी पाया पडलो आणि तिथल्या दगडावर नारळ फोडला. तो आवाज होताच आतली धडपड एकदम बंद झाली. घामेजलेली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. पांढऱ्या मिशांचे वस्ताद लगबगीनं बाहेर आले, त्यांनी स्वतः खोबऱ्याचे तुकडे केले, सगळ्यांना वाटले, आणि आखाड्यातली चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तालमीच्या मारुतीपुढं नव्या गड्यानं नारळ फोडला, की त्यानं वस्ताद केला. हे मला पोरवयापासून ठाऊक होतं. पण आईनं देवासाठी दिलेला नारळ इथं फोडला की तो तालमीचा होतो, असा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता.

वस्तादांनी मला ओट्यावर शेजारी बसवून घेतलं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "ब्येस केलंस. पट लई सुरेक हाय तुजा, म्या पायलाय." मी मनातल्या मनात फुललो, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुजा दाजी कसा हाय औंदा? गेल्या जत्रंत उतरताना जरा लचकल्यावानी वाटला मला. कुटं दुकतंय-खुपतंय काय?"

मी हातातला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "ठणठणीत हायेत," मी म्हणालो.

"आरं, आता तू आपला झालास. आपल्या मानसापास्नं काय लपवायचं?"

"मला ठावं आसतं तर सांगितलं आसतं."

 त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला आणि ते म्हणाले, "ईचार कर. यायचं तर उगडं मन करून ये." मला ज्या वस्तादाकडून डाव शिकायचे होते, त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं. परतीची वाट मी चाललो की पळालो, आठवत नाही. ओढ्यावर आल्यावर कपाळाची माती धुऊन टाकली.

माती धुतली तरी बातमी धुता येत नाही. दुसऱ्याच दिवशी बाजारात वरच्या तालमीचे गडी छाती काढून सांगत होते, की दाजींचा मेहुणा आमच्याकडं आला. संध्याकाळी आबा घरी आले ते कडाडतच. "नारळ फोडलास म्हंजी वस्ताद केलास! बापाला न इचारता?" आई मध्ये पडली. "मारुतीला फोडलाय त्यानं, मान्साला न्हाई." पण तिचं कोण ऐकतो? त्यांच्या पाठोपाठ दाजींच्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला: आक्काला घेऊन उद्या सकाळी तालमीत ये. त्याहून जास्त एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि आक्का निघालो. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. वाटेत ती एवढंच बोलली. "तू काय बोल्लास तितं?"

"काय बी न्हाई. तुजी आन."

"ते इचारत्याल."

 सासरच्या घरापाशी ती वळली, मी तालमीत गेलो.

तालीम भरलेली होती. कोपऱ्यात त्यांचे वस्ताद बसले होते. दाजी आखाड्यात उभे होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "लंगोट लाव."

मी मातीत उतरलो. सलामी झाली, एकमेकांची मनगटं-माना चाचपत खडाखडी सुरू झाली. दाजी रेड्यासारखे रेटायचे, हे माहीत होतं. पण त्या दिवशी ते रेटत नव्हते. एकदम त्यांनी डावा पाय पुढं टाकला आणि तो तसाच ठेवला. गुडघा मोकळा, हात वर, माझ्यासाठी ताट वाढून ठेवल्यासारखा. असा पाय मी एरवी झोपेतसुद्धा सोडला नसता.

आणि मी तो सोडला. अंग खाली जायला निघालं होतं, ते मीच आवरलं. दाजींचे डोळे बारीक झाले, तेव्हा मला कळलं की ही कुस्ती नव्हे, ही माझी तपासणी आहे. पट काढावा, तर सगळ्यांसमोर त्यांचा गुडघा कायमचा जायचा. न काढावा, तर पट सोडून दुसरं काही न येणारा हा पठ्ठ्या नेमका याच पायाला का शिवत नाही, याचं उत्तर एकच होतं, आणि ते थेट आक्कापाशी जात होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.  मला भीती दाजींची नव्हती, आक्काचं काय होईल याची होती.

दाजींनी पाय मागं घेतला, एक फेरी मारली आणि परत तोच पाय पुढं केला. या वेळी आणखी जवळ. कडेचे गडी ओरडले, "आरं काड की पट!" मी वाकलो. हात गुडघ्यापाशी गेला. कातडीखाली गुडघा गरम आणि फुगलेला लागला, आणि माझा हात आपोआप मांडीवर सरकला.

दाजींनी माझ्या मानेवर हात टाकून मला छातीशी ओढून घेतलं. कानाशी म्हणाले, "तिनं सांगितलं."

"न्हाई."

"मान ताटरली तुजी. खोटं बोलतुयास."

मी गच्च डोळे मिटले. "दाजी, तितं म्या काय बी बोल्लो न्हाई. त्यांनी इचारलं, पर म्या बोल्लो न्हाई. आक्काला काय करू नगा." हे बोललो आणि लगेच समजलं, की नको ते सगळं बोलून बसलो.

मानेवरचा हात तसाच राहिला.  बाहेरून बघणारांना आम्ही जोर लावतोय असं वाटत असावं. मग तो हात सैल झाला. दाजी बाजूला झाले, वस्तादांकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वस्ताद, माजा डावा गुडगा गेलाय. गेल्या जत्रेपास्नं. तुमाला सांगायची माजी छाती झाली न्हाई. औंदाच्या जत्रंत माजं नाव धरू नगा."

 वस्ताद उठले, खाली आले, मातीत बसून त्यांनी तो गुडघा दाबून पाहिला. "आदी बोलायचंस रं," एवढंच म्हणाले.

घराकडं जाताना दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ते भर रस्त्यातून उघड लंगडत होते. लोक थांबून बघत होते. ते म्हणाले, "तुला वर जायाचं आसंल तर जा आता. आपली गाठ काय पडत न्हाई."

"तितला नारळ देवाचा हुता. वस्ताद कराय म्या शनवारी नारळ घिऊन हितंच येनार हाय," मी म्हणालो. एवढ्या गड्यांसमोर माझं मोडलंय असं सांगणारा पैलवान मी दुसरा पाहिला नव्हता. डाव काय, आज ना उद्या कुठंही शिकता आले असते.

आक्का दारात उभी होती. सकाळी आणलेलं गाठोडं तिनं आत नेलंच नव्हतं. उंबऱ्याबाहेर तसंच ठेवलं होतं, गाठ न सोडता. दाजींचं लंगडणं तिनं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"वस्तादांना गुडग्याचं सांगून आलोय," दाजी म्हणाले. "मीच सांगितलं."

ती पदर तोंडाशी धरून मटकन खाली बसली.  दाजी वाकले, ते गाठोडं उचललं, आणि दुखरा पाय ओढत स्वतःच आत नेऊन ठेवलं.