गोधडीसकट मुलगी

मला पाहायला मंडळी आली तेव्हा मी गोधडीला शिवलेली होते.

या प्रकाराचं मूळ म्हणजे माझे वडील, आबा. त्यांनी बदलापूरच्या त्या मंडळींना आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या कुसुमच्या शिवणकामाला तोड नाही. (मी तोवर दोन अभ्रे शिवले होते. त्यातल्या एकात उशी जात नव्हती.) आता बोललेलं निभावायला काहीतरी शिवून दाखवणं भाग होतं.

आमच्या शेजारी देवीबाई राहायच्या. उल्हासनगरच्या कॅम्पातून नुकत्याच अंबरनाथला आलेल्या. त्यांचे दीर कॅम्पात शिंपी, त्यामुळे रंगीत कापडाच्या तुकड्यांचं गाठोडंच घरात. "हमारे सिंध में ऐसी गोधडी को रल्ली बोलते हैं," असं म्हणत त्यांनी ते आमच्या घरात ओतलं. चौकोन जोडून वरचा थर त्यांनीच तयार केला, खाली आईची जुनी लुगडी अंथरली, आणि नुसते धावदोरे घालायचं काम तेवढं माझ्याकडे दिलं.

मंडळी संध्याकाळी येणार होती. कडा शिवून झाल्या होत्या, मधला भाग उरला होता. म्हणून मी दुपारीच फुलाफुलांची नवी साडी नेसून, वेणी घालून, सरळ मधोमध जाऊन बसले. शहाण्या बायका गोधडीच्या शिवलेल्या भागावर बसतात. मी न शिवलेल्या भागावर बसले आणि सपासप टाके घालत सुटले.

मंडळी दुपारीच आली.

"ऊठ, आले ते," आई धावत आली.

मी उठले. गोधडीही उठली! आम्ही दोघी परत खाली बसलो. घाईघाईत मी साडीच्या निऱ्याच शिवून टाकल्या होत्या. गोधडीवर फुलं, साडीवर फुलं, कोणाला काय कळणार?

"आई, मी शिवली गेलेय."

"म्हणजे?"

"निऱ्या. सगळ्या."

आईनं दाराकडे पाहिलं. आबा पाहुण्यांना आत घेत म्हणत होते, "शिवणकामात हिचा हात धरणारी अख्ख्या अंबरनाथात सापडायची नाही."

"मग बसून राहा," आई पुटपुटली.

मुलगा, त्याची आई आणि मामा खाटेवर बसले. मुलगी आधीच खोलीच्या मध्यभागी मांडून ठेवलेली पाहून तिघं जरा चमकले. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग गोधडीकडे, आणि हलकेच हसला. मला तो तिथल्या तिथे आवडला. त्यामुळे भीती दुप्पट झाली. आधीचं स्थळ मोडल्यापासून आबा दोन घास धड खात नव्हते, आणि आता हेही माझ्या हातानं मोडणार होतं.

"मुली, जरा पाणी आणतेस?" मुलाची आई म्हणाली.

मी जागची हलले नाही. पाणी देवीबाईंनी आणलं. पोहे देवीबाईंनी आणले. चहाही त्यांनीच आणला. मामा आता मुलगी कोण याबद्दलच साशंक दिसू लागले.

"ऊठ की गं, नमस्कार कर," आबा म्हणाले.

"ती बसूनच छान दिसते," आई म्हणाली.

मामांनी घसा खाकरला. "नाही म्हणजे, पायाचं वगैरे काही..."

"छे हो! दोन्ही आहेत," आबा म्हणाले. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि तो मला ऐकवेना.

"मला चालता येतं," मी एका दमात सांगून टाकलं. "मी फक्त गोधडीला शिवली गेलेय."

मग मुलाची आई खाटेवरून उतरली, चष्मा लावला, आणि टाक्यांवरून बोट फिरवत फिरवत माझ्या निऱ्यांपर्यंत आली.

"टाके मात्र बारीक आहेत हो," ती म्हणाली.

देवीबाईंनी कात्री आणून मला सोडवलं. सगळ्यांनी श्वास सोडला. मी ऐटीत उठले, एक पाऊल टाकलं, आणि लंगडले! इतका वेळ बसून दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. दुसऱ्या पावलाला मी भिंत धरली. आबा मटकन खाली बसले.

"मुंग्या आल्यात ना?" मुलानं विचारलं. त्या घरात त्या क्षणी शुद्धीवर असलेला तो एकटाच होता.

"चल, आपण दोघी विहिरीपर्यंत जाऊन येऊ," त्याची आई म्हणाली.

आम्ही गेलो. अख्खी आळी दारात उभी राहून माझी चाल बघत होती. परतताना मी चांगली ताठ चालत होते. दारातूनच तिनं आत सांगितलं, "पाय उत्तम आहेत. मुलगी पसंत आहे. आणि ही गोधडी आम्हाला द्या." माझा जीव भांड्यात पडला. आबांनी डोळे पुसले आणि पाहुण्यांचे उरलेले पोहे तिथेच खाऊन टाकले.

ही हकीकत बदलापुरात माझ्याआधी पोहोचली. लग्नात नथ, शेला, मुंडावळ्या असा एवढा थाट मी केला होता, पण सप्तपदीला सगळं वऱ्हाड होमाभोवती गोळा झालं ते मान खाली घालून. नवरीच्या तोंडाकडे एकानंही पाहिलं नाही. सगळ्यांची नजर माझ्या पायांवर, आणि सातवं पाऊल नीट पडल्यावर मामांनी चक्क टाळ्या वाजवल्या.