सहा नंबरची एलन की

ट्रॅक्टरच्या गॅरेजात माझी हयात गेली. पान्यांतलं मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. तो एका एलन कीनं उतरवला, पण किंमत बायकोनं मोजली.

ती ब्लाउज शिवायची आणि गिऱ्हाइकांकडे सायकलनं पोचवायची. एकदा सायकलचं हँडल ढिलं झालं. त्याचा बोल्ट आवळायला सहा कोनांची एलन की लागते. वसमतच्या दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक काळी, वजनदार, सुटी चावी. दुसरा नऊ चाव्यांचा चकचकीत सेट, भाव तोच. काळीच न्या, हिच्या कडा झिजत नाहीत, असं तो म्हणाला. हा मला शिकवणार, असं वाटून मी मुद्दाम सेट घेतला. एकीच्या भावात नऊ मिळाल्या म्हणून रस्ताभर खूशही होतो.

घरी सहा नंबरची चावी बोल्टात घातली, तर खुळखुळली. परत करायला जायची लाज वाटली. मग गॅरेजातली जुनी युक्ती केली. गुटख्याच्या पुडीची पट्टी चावीभोवती गुंडाळली आणि ठोकून बसवली. जोर लावला, कट्ट वाजलं. मला वाटलं, बोल्ट आवळला. खरं तर त्याच्या आतल्या कडाच गोल झाल्या होत्या.

हँडल बराबर बसलं का, असं बायकोनं विचारलं. बसलं, म्हणालो. उतारावर तिनं हँडल वळवलं आणि चाक सरळच गेलं. ती पडली, उजव्या मनगटाचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, पण बोटं मिटत नाहीत, कात्री धरता येत नाही. शिलाई मशीनवर चादर टाकलीय.

रस्त्यावर खडी होती, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. तीही तेच सांगायची. मला वाटायचं, तिला ठाऊक नाही.

परवा मी ती काळी चावी आणली. नवा बोल्ट घातला. चावी अशी घट्ट बसली, की मला स्वतःचाच संताप आला. ती डाव्या हातानं चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"पुडी मला तवाच दिसली व्हती," ती म्हणाली. "खुळखुळ बी ऐकली. पण तुमी 'बसलं' म्हणल्यावर मी काहून बोलू?"