लाल अधिक हिरवा

कपाट आवरताना बाबांचा कोळसा खाणीतला पितळी बिल्ला हाती आला आणि नागपूरचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आठवलं. प्रकल्प म्हणून मी एक छोटा कंपायलर लिहिला होता, म्हणजे प्रोग्राम तपासून तो यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम. प्रकल्प तपासणाऱ्या मॅडमनी त्याला सिग्नलचे तीन रंग सांगितले आणि लाल अधिक हिरवा असं टाइप केलं. त्याने मुकाट उत्तर दिलं, दोन. "काय रे, रंगांची बेरीज होते का? सोमवारपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर नापास." रंगांना मी आतून आकडे दिले होते, लाल शून्य, पिवळा एक, हिरवा दोन, आणि कंपायलर त्यांना साध्या संख्याच समजत होता. उमरेडला घरी गेलो. "काहून डोकं धरून बसून राहिला?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं तसे ते हसले. "माह्या बिल्ल्यावर एकशे बारा हाये. खाली कोण उतरला ते त्याच्यानं समजते. दोघाईचे बिल्ले मिळवले त तिसरा माणूस बनते का गा?" मी तडक कामाला लागलो. रंगांना संख्यांपासून वेगळा, स्वतःचा प्रकार दिला आणि तपासणीचा सगळा भाग नव्याने लिहिला. सोमवारी त्याच ओळीवर कंपायलर अडला: रंगांची बेरीज करता येत नाही. "कोणी सुचवलं?" मॅडमनी विचारलं. "बाबांनी. खाणीत आहेत." "मग आभारांत त्यांचं नाव घाल." अहवालातलं ते एकच पान मी मराठीत लिहिलं. उरलेली इंग्रजी पानं बाबा आजही माझ्याकडून समजून घेतात, आणि मी एकही ओळ गाळत नाही.