उलटे चालणारे संपादक

आमचे संपादक उलटे चालायचे. विचारांनी वगैरे नव्हे, पायांनी. नव्या अंकाच्या कव्हरचं प्रूफ माझ्या दुकानाच्या शटरला चिकटवायचं, त्याच्याकडे तोंड करायचं आणि वरचं नाव वाचता येईनासं होईपर्यंत एकेक पाऊल मागे टाकत जायचं, ही त्यांची पद्धत. माझं डीटीपीचं दुकान भंडाऱ्याजवळच्या शहापुरात, हायवेला लागून. त्यामुळे संपादक मागे सरकू लागले की माझा जीव मुठीत. रसवंतीची बादली, पंक्चरवाल्याचा टायरचा ढीग, आणि एकदा तर रवंथ करत बसलेली म्हैस, अशा सगळ्यांवर ते जाऊन आदळले होते. म्हैस काही उठली नाही. संपादक उठले, पँट झटकली आणि तिथूनच ओरडले, "म्हशीपर्यंत दिसून राहिलं, पोरी. अजून थोडं जाड कर."

त्यांची नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत, राहणं तिथल्याच क्वार्टरमध्ये, आणि उरलेला सगळा जीव 'पायपेटी' या मासिकात. आमच्याकडच्या नाटकांत पायाने भाता हलवून जी पेटी वाजवतात, तिचं नाव त्यांनी मासिकाला दिलं होतं. भजनी मंडळं, भीमगीतांचे गायक, नाचगाण्याचा खेळ करणारे दंडारवाले, बँडपार्ट्या, ऑर्केस्ट्रे, म्हणजे जिल्ह्यात जो कोणी गातो किंवा वाजवतो त्याच्यासाठी हे मासिक. निघायचं मात्र दोन-तीन महिन्यांनी. त्यांना फॅक्टरीच्या बसचा ड्रायव्हर संपादक म्हणे, क्वार्टरमधली पोरं संपादक म्हणत आणि काकूही संपादकच म्हणायच्या. "लग्नाच्या दिवशी सरळ चालले," काकू सांगायच्या, "तेही माह्या भावानं हात धरला होता म्हणून."

कव्हरवरच्या माणसाने वाचकाकडे बघितलंच पाहिजे, हा त्यांचा पहिला कायदा. तबलजीचा फोटो आला आणि तबलजीची नजर तबल्यावर असली की फोटो बाद. "तो तबल्याकडं पाह्यते तर वाचक म्हणते, मानूस कामात आहे, कायले तरास द्याचा. अन् पुढं निघून जाते." त्यामुळे आमच्या कव्हरवरची झाडून सगळी मंडळी वाद्य एकीकडे आणि नजर भलतीकडे अशी बसलेली असत. एका सनईवाल्याने तर विचारलं, की मी सनई वाजवून राहिलो का बस थांबवून राहिलो? संपादक म्हणाले, "वाचक थांबवून राहिले तुम्ही."

अक्षरांना त्यांनी आपली नावं दिली होती. मी चौदा-सोळा पॉइंट म्हणायची, ते 'चष्म्याचं' आणि 'बिनचष्म्याचं' म्हणत. भजनाच्या चाली बिनचष्म्याच्या, कारण भजनी माणूस चष्मा घरी विसरून येतो, यावर त्यांची श्रद्धा होती. मासिकाचा आकार ठरवायला ते एका मंडळाची हार्मोनियमच दुकानात घेऊन आले. कागद कापून कापून तिच्यावर उभा करायचा आणि भाता हलवायचा. पान घसरलं की संपादक आणखी एक पट्टी कापायचे. शेवटी जे पान भात्याच्या धक्क्यानेही जागचं हललं नाही, तो आमचा आकार. प्रेसवाला कुरकुरला, म्हणाला हा कोणता साइज? संपादक म्हणाले, "पेटीचा."

सुरुवातीला वाचकांची पत्रं येईनात. पण पत्रांशिवाय मासिक म्हणजे चहा न विचारणारं घर, असं त्यांचं मत. म्हणून पत्रंही तेच लिहायचे, निरनिराळ्या गावांच्या निरनिराळ्या नावांनी. त्यातला एक पवनीकडचा काल्पनिक गृहस्थ दर अंकात संपादकांना घालूनपाडून बोलू लागला. ते वाचून संपादक इतके चिडले, की पुढच्या अंकात त्याला जागा दिली नाही. त्याने माफी मागितल्यावरच पुन्हा छापलं. माफीचं पत्र अर्थात त्यांच्याच अक्षरात आलं होतं आणि मीच ते टाइप केलं. "असल्या मानसाले वेळेवरच दाबून ठेवा लागते," असं ते मला अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

भंडाऱ्याच्या एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवाल्याने 'पायपेटी'ला दोरीवर जागा दिली होती. दोरी म्हणजे स्टॉलच्या कपाळावर आडवी बांधलेली सुतळी. तिच्यावर चिमट्यांनी मुंबईची सिनेमाची मासिकं लटकत आणि अगदी कडेला, खांबाआड, आमची 'पायपेटी'. ती जागा म्हणजे संपादकांचं वैभव. भंडाऱ्याला गेले की आधी दोरी बघून यायचे. तशात जिल्ह्याची वाटणी झाली, गोंदिया वेगळं निघालं. तिकडच्या मंडळांनी आता आमच्या जिल्ह्याचं मासिक वेगळं काढू असं ठरवून टाकलं, आणि तिकडे जाणारे गठ्ठे जसेच्या तसे स्टॉलवर परत येऊ लागले. स्टॉलवाला मोकळ्या मनाचा माणूस, पण दोरी त्याची होती. तो म्हणाला, "संपादक, दिघोरीच्या मंडईले मी दुकान लावतो. तिथं तुमचा गठ्ठा नेतो. तिथून बी वापस आला, तर दोरीवरून उतरवतो. मंग राग नका मानू."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक आणि घराघरांत मावणार नाहीत इतके पाव्हणे. ज्याला गाण्याचं वेड आहे तो मंडईला येणार म्हणजे येणारच. तिथेही मासिक विकलं गेलं नाही तर ते कुठेच विकलं जाणार नाही, हे संपादकांना कळत होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, असं काकू म्हणाल्या. सकाळी मात्र उड्या मारतच दुकानात आले.

"जिल्हा अर्धा झाला ना? तं कव्हर दुप्पट करू."

हा हिशेब मला आजही कळलेला नाही, पण तेव्हा ऐकताना एकदम पटला. एकाच वेळी दोन अंक काढायचे. एक भजनी लोकांसाठी: लाल कव्हर, वर पेटी, आतली पानं गुलाबी. दुसरा ऑर्केस्ट्राच्या पोरांसाठी: हिरवं कव्हर, वर कीबोर्ड आणि विजा, आतली पानं पोपटी. म्हाताऱ्याने लाल बघावं आणि उचलावं, पोराने हिरवं बघावं आणि उचलावं. "लांबूनच ज्याचं त्याले समजलं पाहिजे," असं म्हणत संपादक त्या आठवड्यात इतके उलटे चालले की रसवंतीवाल्याने बादली आत घेतली.

पानं दुमडून, कव्हर चढवून पिना मारायचं काम भंडाऱ्याच्या शांताबाईंकडे असे. त्यांच्या घरी हातमाग. लुगडी विणण्यात त्यांचा जन्म गेला. माग बंद असला की त्या आमचे अंक बांधून द्यायच्या, आणि त्यांच्याइतकं नेटकं काम दुसऱ्या कोणाचं होत नसे. संपादक त्या दिवशी ड्यूटीवर होते. शांताबाईंनी अंक बांधले, गठ्ठे कागदात गुंडाळले आणि स्टॉलवाल्याच्या गाडीत चढवून दिले. आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी एस.टी.ने दिघोरीला पोचलो, तेव्हा दुकान लागलेलं होतं आणि आमचे अंक पहिल्यांदाच दोरीच्या मधोमध लटकत होते. एकीकडे लाल, एकीकडे हिरवे. संपादकांचे डोळे भरून आले. ते लगेच उलटे चालू लागले आणि जिलेबीवाल्याने त्यांना दोन्ही हातांनी थोपवलं.

पहिला लाल अंक एका वयस्क पेटीमास्तरांनी घेतला. धोतर, टोपी, चष्मा अर्थातच घरी. बाजूच्या बाकावर बसले आणि अंक हातभर लांब धरून वाचू लागले. थोड्या वेळाने उठून आले.

"संपादक, हे काय होय? 'स्टेजवर धूर सोडताना गायिकेला खोकला येऊ नये म्हणून काय करावे?' आमच्या मंडळात धूर कोन सोडते?"

मी अंक हातात घेतला. लाल कव्हर आणि आत पोपटी पानं. तेवढ्यात ऑर्केस्ट्रातली मोठ्या केसांची पोरं हिरवा अंक घेऊन आली. त्यांच्यातला गायक म्हणाला, "भाऊ, याच्यात लेहलं आहे का आवाजासाठी दिवे लागले का झोपा. आमचा प्रोग्रामच बारा वाजता सुरू होते."

गठ्ठ्यातला एकही अंक सरळ नव्हता. याचं कारण मंडईहून परतल्यावर शांताबाईंनी सांगितलं, तेही कपाळाला आठी घालून. "लालाले गुलाबी अन् हिरव्याले पोपटी? असं कोनी जोडते का? लाल अंगाले हिरवा काठ उठून दिसते. तुमचं चुकलं असंन म्हनून म्या बराबर करून देल्लं. एकाच रंगाचं विनलं तर बजारातून वापस येते."

त्या वेळी मात्र आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. संपादक मटकन बाकावर बसले. स्टॉलवाल्याने एकदा दोरीकडे बघितलं. ती त्याची नजर मला संपादकांच्या चेहऱ्यावर दिसली. मग ते उठले, खिशातला कंगवा काढला आणि त्याच्या दाताने पिना उचकटायला लागले. सगळे अंक तिथेच उकलून पुन्हा बांधायचे, हा बेत. मी म्हटलं, दंडार सुरू व्हायच्या आत आपण किती उकलणार? ते ऐकेनात.

"मास्तर, तुमचा अंक द्या इकडं. बदलून देतो."

पण पेटीमास्तर अंक देईनात. धुराचं पान उलटून ते पुढे गेले होते. कीबोर्डवर एक बटन दाबलं की सगळी पट्टीच वरखाली करता येते, असा आमचा लेख होता. मास्तरांच्या मंडळात प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि जो तो आपल्या पट्टीवर अडून बसणारा. मास्तरांची उभी हयात त्यांना एका सुरात आणण्यात गेली होती. त्यांनी ऑर्केस्ट्राच्या पोराची बाहीच धरली. "हे बटन खरं आहे का?"

"खरं आहे, बाबाजी."

"मले दाखव."

पोरं हसत गेली आणि नाटकाच्या मंडपातून कीबोर्ड घेऊन आली. जिलेबीवाल्याच्या टेबलावर तो ठेवला. मास्तरांनी आधी नमस्कार केला, मग पट्टी दाबली आणि सवयीने डावा हात मागे भाता शोधू लागला. बघे लोटपोट झाले, मास्तरही हसले. बटन दाबलं, सूर वर गेला. पुन्हा दाबलं, खाली आला. "आरं बाप्पा," मास्तर म्हणाले आणि लहान पोरासारखे ते बटन दाबतच राहिले. इकडे मोठ्या केसांचा तो गायक, सीझनभर ओरडून त्याचा घसा पार बसलेला, मास्तरांना ज्येष्ठमधाचं विचारत होता. आमच्या गुलाबी पानांत ज्येष्ठमधावर एक अख्खं सदर होतं.

गर्दी बघून गर्दी येते. काय चाललंय ते बघायला दंडारवाले तोंडाला रंग लावलेले तसेच आले. भजनी मंडळाची माणसं आली, बँडवाले आले. ज्याने लाल घेतला त्याला हिरव्यात काय आहे ते हवं होतं आणि ज्याने हिरवा घेतला त्याला लालातलं. स्टॉलवाल्याचे हात पुरेनात. संपादक कंगवा हातात धरून उभे होते, आणि त्यांनी उकललेला एकमेव अंक, कव्हर वेगळं पानं वेगळी, तोही कोणीतरी मागून घेतला. दुपार उतरली तेव्हा दोरीवर नुसते चिमटे होते.

"संपादक," सुतळी सोडताना स्टॉलवाला म्हणाला, "पुढच्या टाइमाले बी असंच चुकवून आना."

परतीच्या बसमध्ये संपादक खिशातला कंगवा काढत आणि पुन्हा ठेवत बसले होते. मला वाटलं, आनंदाने चैन पडत नसेल. पण नाही. त्यांचं कव्हर हरलं होतं. कव्हर बघून जो तो आपलं तेच घेईल असं ते जन्मभर म्हणत आले, आणि विकलं गेलं ते भलत्याच कव्हरमधलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी वाचकाले त्याच्याच घरी नेऊन सोडत होतो, पोरी. शांताबाईनं शेजाऱ्याच्या घरी नेलं."

पुढच्या अंकापासून 'पायपेटी' एकच झाली. एका बाजूने उघडली तर लाल, उलटी करून उघडली तर हिरवी, आणि मधे दोन्ही रंगांची पानं एकमेकांना भेटायची. पहिल्या पानावर संपादकांच्या नावाखाली छापलं जाऊ लागलं, 'रंगसंगती: शांताबाई'. स्वतःचं नाव बघून शांताबाईंनी इतकंच म्हटलं, "अक्षर बारीक आहे." पुढच्या अंकात बिनचष्म्याचं केलं. स्टँडवरच्या दोरीवरची आमची जागा खांबाआडून निघून मधोमध आली, आणि 'पायपेटी' निघत होती तोवर मधेच राहिली. पवनीकडच्या त्या गृहस्थाने मात्र नव्या रूपावर कडक टीका केली.

मग मोबाइल आले. चाली खिशात आल्या, बँडवाले फोनवर सरगम ऐकू लागले. स्टँडवरचा स्टॉल मोबाइलची कव्हरं विकू लागला, तेव्हा संपादक म्हणाले, "म्हनजे कव्हरच विकते. मी हेच तं सांगत होतो." 'पायपेटी' बंद झाली. मी पुण्याला एका मासिकात लागले, तिथे अजून कव्हरंच करते. तिथली मंडळी मला विचारतात, की तू प्रूफ भिंतीला लावून मागे का जातेस. मी सांगते, आमच्याकडे असंच शिकवतात.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेले. क्वार्टर सुटलं, आता ते शहापुरातच, हायवेच्या आतल्या गल्लीत, टोकाच्या घरात राहतात. डोळे फार गेले आहेत. मी माझा नवा अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, वासही घेतला. "मागं जाऊन पाह्यतो," म्हणाले आणि खुर्चीतून उठू लागले. काकूंनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. मला रडू फुटणार होतं, तेवढ्यात त्यांनी अंक दोन्ही हातांनी छातीशी उभा धरला.

"मंग तू जा. मी धरून बसतो."

मी ओसरीतून उलटी निघाले. अंगण ओलांडलं, फाटकातून बाहेर पडले. "दिसते का?" आतून आवाज आला. "दिसते," मी म्हटलं. नळ मागे पडला, शेजारच्यांची सायकल मागे पडली. कव्हरवरचं नाव केव्हाच पुसट झालं होतं. कव्हर धरून बसलेले संपादक मात्र इतके लख्ख दिसत होते, की माझे पाय थांबेनात.

"दिसते का, पोरी?"

"दिसते," मी ओरडले, आणि पाठीमागून येणाऱ्या एका बाईंवर आदळले. त्यांच्या पिशवीतले कांदे गल्लीभर घरंगळले. मी शरमून वाकले आणि वेचू लागले. बाई जराही रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गल्लीच्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"संपादकाकडून येऊन राहिल्या वाटते."

मी म्हटलं, "हव."