वास न येणारी बाटली

कामथडीच्या मंगलचं नाक लई तिखट. गावच्या डेअरीवर ती अकरा वर्षं दूध घ्यायला होती. कॅनचं झाकण निघालं की आदल्या रात्रीचं दूध कुणी मिसळलंय ते तिला यंत्राआधी कळायचं. कितीतरी लोकांशी तिनं त्यावरून वाकडं घेतलं होतं. पुढं डेअरी बंद झाली आणि महामार्गालगतच्या एका छोट्या कंपनीत बाटल्या धुवायला बाई हवी आहे असं कळलं. मंगल दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिली.

कंपनी संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी प्रथिनं बनवायची. तिथलं काम श्रावणी बघायची. मुलगी भोरची, वडील कचेरीत नोकरीला, शिकून डॉक्टर झालेली, पण सुई टोचणारी डॉक्टर नव्हे. मंगलपेक्षा चौदा वर्षांनी लहान, तरी मंगल तिला मॅडम म्हणायची आणि ती मंगलला ताई.

घरी सासूबाईंना, साळूबाईंना, फार दिवस एकच घोर होता. कंपनीत माणसाचं काहीतरी बनवतात हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"माणसाचं म्हंजी? काढत्यात कुणाचं?"

कुणाचंच काढत न्हाईत, असं मंगलनं सांगितलं. मग श्रावणीकडून जेवणाच्या सुट्टीत तिनं जे समजून घेतलं होतं, ते सासूला चुलीपाशी बसून समजावलं. आपल्या अंगातल्या पेशींत काही प्रथिनं झिजतात, बिघडतात. त्यांच्यावर एक बारीक खूण चिकटवली जाते. खूण दिसली की पेशी ते प्रथिन मोडते आणि त्यातला माल पुन्हा वापरते. ही खूण चिकटवायला मदत करणारं एक एन्झाइम असतं, तेच कंपनी बनवते. त्याची कृती तेवढी माणसाची. ती बारक्या जंतूंना देतात, फ्लास्कात त्यांना वाढवतात आणि जंतू ते एन्झाइम तयार करतात. साळूबाईंना यातलं विरजणाएवढं कळलं. पण दुसऱ्या दिवसापासून आमची सून जंतूंकडनं कामं करून घेती, असं त्या आळीभर सांगू लागल्या.

गेल्या वर्षी कंपनीत मोठी पंचाईत झाली. एन्झाइम दिसायला ठीक, वजनाला ठीक, पण काम करेना. चाचणीत खुणा एकीवर एक चढून शिडीसारख्या रेघा उमटायला हव्यात, तिथं एकच रेघ यायची. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. श्रावणीनं जंतू बदलले, पाणी बदललं, थंड खोलीचा पारा तपासला. तिचा डबा न उघडताच परत जाऊ लागला, हे मंगलला जेवणाच्या सुट्टीत दिसायचं.

त्या दिवशी मोरीत बाटल्या घासताना मंगल थांबली. ज्या द्रावणात हे एन्झाइम ठेवायचे, त्याच्या बाटलीला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. ती बाटली मंगल मुद्दाम शेवटी धुवायची, तीही श्वास रोखून. आणि महिनाभर तर ती सगळ्या बाटल्यांबरोबर धुतली जात होती. वास जवळजवळ गेलाच होता. मंगलनं मनातल्या मनात देवाचे आभारही मानले होते.

सांगावं की न सांगावं, याचा तिनं एक पूर्ण दिवस विचार केला. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं आपण बाटलीचा वास घेऊन जायचं, हे तिला बरं वाटेना. पण श्रावणीचा डबा पुन्हा तसाच राहिला तेव्हा तिनं हात पुसले आणि श्रावणीच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, रागवू नका. त्या घाण बाटलीला आता घाण वास येत न्हाई."

श्रावणीनं मान वर केली. क्षणभर तिला अर्थ लागला नाही. मग ती उठली आणि थेट कपाटाकडं गेली. तो वास द्रावणातल्या एका पावडरीचा, आणि तीच पावडर एन्झाइमला हवेपासून सांभाळते. हवा लागली की एन्झाइमची खूण धरणारी जागाच निकामी होते. पावडरीची बरणी फ्रिजमध्ये असायची. फ्रिज दुरुस्तीला गेला तेव्हा श्रावणीनंच ती बाहेर कपाटात ठेवली होती आणि परत आत ठेवायची राहिली होती. झाकणही सैल होतं. हवेनं पावडरच मेली होती.

"चूक माझीच, ताई," श्रावणी म्हणाली आणि खुर्चीत बसून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसत होती ती.

नवी बरणी आली. उघडल्याबरोबर खोलीभर तो घाणेरडा वास पसरला आणि सगळे नाकाला रुमाल लावून खूश झाले. चौथ्या खेपेला श्रावणीनं मंगलला हाताला धरून संगणकाच्या पडद्यापुढं नेलं. खालून वर, पायरीवर पायरी, निळ्या रेघा चढत गेल्या होत्या. मंगलनं त्या बोटानं मोजल्या. सात होत्या. आठवी पुसट होती, पण ती मंगलला दिसली.

त्यानंतर द्रावणं बनवायला श्रावणीनं तिलाच शिकवलं. पहिल्या दिवशी मंगल तराजूपुढं बसली, चिमूटभर पावडर कागदावर घेतली, पण आकडे काही केल्या थांबेनात. ती वाट बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि मागं न वळता तिनं मोठ्या मॅडमच्या थाटात सांगितलं,

"श्रावणी मॅडम, तेवढा पंखा बंद करा."

श्रावणीनं उठून पंखा बंद केला.